मध्ययुगीन मुद्राचित्रांतील ख्रिस्ती संत कसे ओळखावेत

पंधराव्या शतकात युरोपातील सामान्य माणसाच्या हाती संतांची चित्रे कागदावर येऊ लागली. १४०० च्या सुमारास लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे मिळू लागली होती. पुढे १४३० च्या दशकात ऱ्हाईन नदीच्या वरच्या खोऱ्यातील कारागीर तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेषा कोरून, त्या रेषांत शाई भरून, ओलसर कागदावर दाबाने त्या उमटवू लागले. धातूवर कोरण्याचे हे कौशल्य सोनारांचे होते आणि या चित्रांतील बारकावाही सोनारकामातूनच आला. केवळ ‘ई. एस.’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा कारागीर, कोलमारचा मार्टिन शोनगाउअर, बोखोल्टचा इस्राहेल फान मेकेनेम आणि ही परंपरा पुढच्या शतकात नेणारा न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्त ड्यूरर ही या क्षेत्रातील पहिली चार नावे नवख्या वाचकाने लक्षात ठेवावीत. त्यांची बहुतेक चित्रे आज मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर स्पष्ट पाहता येतात. अडचण असते ती पुढची: हातात मनोरा धरलेली ही स्त्री कोण, आणि भिक्षूच्या पायाशी डुक्कर का उभे आहे?

या लेखात एक क्रम सुचवला आहे. त्यामागचा आग्रह एवढाच आहे की केवळ एका वस्तूवरून संताचे नाव ठरवू नये. किमान दोन स्वतंत्र खुणा एकमेकींना दुजोरा देत असतील, तेव्हाच नाव उच्चारावे.

आपल्याकडे मूर्तिशास्त्राचा थोडा परिचय असलेल्यांना हा आग्रह नवा वाटणार नाही. विष्णूच्या चोवीस रूपांत शंख, चक्र, गदा आणि पद्म ही चारही आयुधे सारखीच असतात, पण कोणते आयुध कोणत्या हातात आहे यावरून केशव की त्रिविक्रम हे ठरते. एक फरक मात्र आरंभीच मनात ठेवावा. देवाच्या हातातील आयुध त्याच्या सामर्थ्याचे असते, तर ख्रिस्ती संताच्या हातातील हत्यार बहुधा त्याच्याच छळासाठी वापरलेले असते.

पहिली पायरी: कागद कसा आहे ते पाहा

चिन्हांकडे वळण्यापूर्वी संपूर्ण कागद पाहावा. रेषा जाड, मोजक्या आणि कडेला रंग भरण्यासाठी मोकळी जागा सोडणाऱ्या असतील, तर चित्र बहुधा लाकडी ठशाचे असते; रेषा केसासारख्या बारीक आणि एकमेकींना छेदून सावली निर्माण करणाऱ्या असतील, तर ते ताम्रपटाचे असते. चित्राखाली किंवा एखाद्या फितीवर मजकूर आहे का, हे तपासावे. संताचे नाव, प्रार्थनेची ओळ, तीर्थक्षेत्राचे नाव किंवा वर्ष तिथे असू शकते, आणि असा मजकूर कोणत्याही चिन्हापेक्षा भरवशाचा असतो. स्वित्झर्लंडमधील आइनसीडेल्न या तीर्थक्षेत्रासाठी ‘ई. एस.’ने १४६६ मध्ये कोरलेल्या मरियेच्या चित्रात हे सर्व आहे, त्यामुळे तिथे तर्काला जागाच उरत नाही.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. पत्र्यावर कोरलेले चित्र कागदावर आरशातल्यासारखे उलटे उमटते. मूळ कारागीर याचा विचार करून कोरतो. पण त्याचे छापील चित्र समोर ठेवून दुसऱ्या कोणी जसेच्या तसे पत्र्यावर कोरले, की नक्कल उलटी छापली जाते. संत डाव्या हाताने आशीर्वाद देताना किंवा डाव्या हातात तलवार धरून लढताना दिसला, तर त्यात गूढ अर्थ शोधण्याआधी हे चित्र नक्कल तर नाही ना, हे पाहावे. मेकेनेमने शोनगाउअरच्या आणि इतरांच्या पुष्कळ चित्रांच्या नकला केल्या, म्हणून त्याच्या बाबतीत ही तपासणी विशेष आवश्यक ठरते.

दुसरी पायरी: प्रभावळ

मस्तकामागचे तेजोवलय व्यक्ती पवित्र असल्याचे सांगते; ती कोण हे सांगत नाही. अपवाद एकच, पण महत्त्वाचा आहे: वलयात क्रूस असेल तर ती व्यक्ती बहुधा ख्रिस्त असते, मग ती क्रूसावर असो, बालरूपात असो किंवा कोकराच्या रूपात असो. पंख असतील तर तो देवदूत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात काही कारागीर वलय अगदी पुसट काढतात किंवा वगळतातही, त्यामुळे वलय नाही म्हणून व्यक्ती संत नाही, असे मानू नये.

तिसरी पायरी: पोशाख

नवखा वाचक थेट हातातील वस्तूकडे धावतो. मला मात्र पोशाख आधी वाचणे अधिक उपयोगी वाटते, कारण त्यामुळे शोधाचे क्षेत्र एकदम लहान होते. दुहेरी टोकाचा उंच मुकुट आणि वळलेल्या टोकाचा दंड म्हणजे बिशप. एकावर एक तीन मुकुट म्हणजे पोप. रुंद बाह्यांचा, गुडघ्यांखाली येणारा झगा म्हणजे डीकन, अर्थात धर्मगुरूचा साहाय्यक. काटकी, झोळी आणि शिंपला लावलेली टोपी असेल, तर ती व्यक्ती यात्रेकरू असते. मुकुट घातलेली आणि केस मोकळे सोडलेली तरुणी बहुधा कुमारी हुतात्मा असते, तर डोके वस्त्राने झाकलेली स्त्री विधवा, विवाहित किंवा जोगीण असते.

आता डीकनचाच दाखला घेऊ. स्तेफन, लॉरेन्स आणि व्हिन्सेंट हे तिघेही डीकन, तिघेही तरुण, आणि तिघांच्या हाती हुतात्म्याची झावळी असू शकते. इथे पोशाखाने आपल्याला तीन नावांपर्यंत आणून सोडले. झग्यावर किंवा हातात दगड दिसले तर तो स्तेफन, कारण त्याला दगडमार करून मारण्यात आले. लोखंडी जाळी दिसली तर तो लॉरेन्स, कारण परंपरेनुसार त्याला जाळीवर भाजण्यात आले.

हा पोशाख संताच्या काळाचा नसून कारागिराच्या काळाचा असतो, हे विसरू नये. संत जेरोम ४२० मध्ये वारला. कार्डिनलांना लाल टोपी देण्याची प्रथा तेराव्या शतकात सुरू झाली. तरीही जेरोमजवळ कार्डिनलची रुंद कडांची टोपी जवळजवळ नेहमी दिसते. पंधराव्या शतकातील प्रेक्षकाला रोमच्या धर्मपीठातील त्याचे स्थान त्या टोपीवरून समजत असे. छापील चित्रात टोपीचा लाल रंग मात्र दिसत नाही. रंगावरून संत ओळखण्याची चित्रकलेतील सवय इथे बाजूला ठेवावी लागते. कोणी हाताने रंग भरलेला असला, तरी तो नंतर भरलेला असू शकतो.

चौथी पायरी: हातातील वस्तू आणि तिला विचारायचे प्रश्न

प्रेषितांपासून, म्हणजे येशूचा संदेश पसरवणाऱ्या पहिल्या शिष्यांपासून, आरंभ करणे सोपे जाते, कारण ते संचाने छापले जात. पेत्राच्या हाती किल्ल्या असतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशू त्याला स्वर्गराज्याच्या किल्ल्या देण्याचे वचन देतो. पौलाच्या हाती तलवार असते, कारण त्याचा शिरच्छेद झाला. आंद्रियाचा क्रूस तिरपा, फुलीच्या आकाराचा असतो. बर्थलमयाच्या हाती सुरी असते, कारण त्याची कातडी सोलण्यात आली. थोर याकोब यात्रेकरूच्या वेशात, शिंपल्यासह येतो, कारण स्पेनमधील सान्तियागो येथील त्याच्या समाधीची यात्रा मध्ययुगातील सर्वांत मोठ्या यात्रांपैकी एक होती. शिमोनाजवळ बहुधा करवत असते. थोमाच्या हाती भाला किंवा गवंड्याचा गुण्या असतो, आणि या गुण्यामागची कथा भारतात घडते: गोंडोफारेस राजासाठी महाल बांधण्याचे काम थोमाने घेतले, मिळालेला पैसा गरिबांना वाटला आणि महाल स्वर्गात बांधून झाल्याचे सांगितले. धाकटा याकोब, यहूदा तद्दय आणि मत्थिया यांच्या सोटा, परशू, कुऱ्हाड अशा वस्तू कारागिरागणिक बदलतात. त्यांची नावे संचातील उरलेले प्रेषित निश्चित झाल्यावरच ठरवावीत.

शुभवर्तमानकारांचे, म्हणजे येशूचे चरित्र लिहिणाऱ्या चौघांचे, चार प्राणी वेगळ्या परंपरेतून येतात. यहेज्केल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतील चार जिवंत प्राण्यांपैकी मनुष्यमुख मत्तयाचे, सिंह मार्काचा, बैल लूकचा आणि गरुड योहानाचा मानला जातो.

स्त्री-संतांच्या वस्तू अधिक बोलक्या असतात. बार्बराजवळ मनोरा, कॅथरीनजवळ चाक, मार्गारेटजवळ अजगरासारखा ड्रॅगन, अग्नेसजवळ कोकरू, अपोलोनियाच्या हाती दात धरलेली सांडशी, लूसीच्या हाती तबकात डोळे, डोरोथीच्या हाती फुलांची टोपली आणि मरिया माग्दालियेच्या हाती सुगंधी तेलाची कुपी असते.

वस्तू हे हुतात्म्याच्या मृत्यूचे साधन असते, असा नियम पुष्कळ प्राथमिक पुस्तकांत सांगितलेला असतो. तो अपुरा आहे. कॅथरीनला चाकाने मारायचे ठरले होते, पण कथेनुसार ते चाक दैवी हस्तक्षेपाने फुटले आणि तिचा मृत्यू तलवारीने झाला. म्हणूनच चाक मोडलेले असते आणि जवळ तलवारही असते. सेबास्टियन बाणांनी मेला नाही. आयरीन नावाच्या विधवेने त्याची शुश्रूषा केली, आणि पुढे त्याला सोट्यांनी मारण्यात आले. योहानाने विषाचा प्याला पिऊनही त्याला काही झाले नाही. त्या प्याल्यातून बाहेर पडणारा साप म्हणजे निघून जाणारे विष. मार्गारेटला गिळणाऱ्या ड्रॅगनचे पोट फाटले आणि ती सुखरूप बाहेर आली. या चारही ठिकाणी ती वस्तू मृत्यूची नसून दैवी रक्षण दिसून आलेल्या क्षणाची आहे. म्हणून वस्तू पाहिल्यावर तीन प्रश्न विचारावेत: तिने संताला मारले का, तिच्यापासून संत वाचला का, की ती संताच्या कामाची, पदाची किंवा त्याने केलेल्या त्यागाची आहे?

पाचवी पायरी: सारख्या वस्तूंचा गोंधळ सोडवा

दुसऱ्या खुणेचा आग्रह इथे कामी येतो. प्याला योहानाकडेही असतो आणि बार्बराकडेही. पण योहानाच्या प्याल्यात साप असतो, तर बार्बराच्या प्याल्यावर ख्रिस्तप्रसादाची गोल भाकर. ड्रॅगन तिघांकडे असतो: पंख असलेला आणि अनेकदा तराजू धरलेला मिखाएल, बहुधा घोड्यावर बसलेला व चिलखत घातलेला जॉर्ज, आणि हाती छोटा क्रूस घेतलेली मार्गारेट. सिंह मार्काचाही असतो आणि जेरोमचाही. जेरोमचा सिंह साधा प्राणी असतो, त्याला पंख नसतात, आणि जवळ टोपी किंवा लेखनसाहित्य सापडते. मुळात ही सिंहाची कथा गेरासिमस नावाच्या पॅलेस्टाइनमधील एका भिक्षूची होती आणि ती नंतर जेरोमला चिकटली. बाण सेबास्टियनच्या देहात रुतलेले असतात. मुकुटधारी उर्सुला मात्र बाण हातात धरते आणि तिच्या झग्याखाली अनेक तरुणी आश्रय घेतात.

यातला सर्वांत अवघड पेच सांबराच्या शिंगांमध्ये दिसणाऱ्या क्रूसाचा आहे. शिकारीला गेलेल्या योद्ध्याला असे दर्शन घडल्याची कथा आधी युस्टेस या रोमन सेनापतीची होती. पंधराव्या शतकापर्यंत तीच कथा लिएजचा बिशप ह्युबर्ट याच्याबद्दलही सांगितली जाऊ लागली. बिशपाचा मुकुट दिसला तर ह्युबर्ट म्हणता येते. केवळ शिकारी, घोडा, कुत्री आणि सांबर असतील, तर चित्र स्वतःहून निर्णय देत नाही. १५०१ च्या सुमाराचे ड्यूररचे भव्य ताम्रपटचित्र असेच आहे, पण ड्यूररने स्वतः नेदरलँड्सच्या प्रवासातील नोंदवहीत त्याचा उल्लेख युस्टेस असा केल्यामुळे प्रश्न सुटला. असा बाहेरचा पुरावा नसेल, तर ‘युस्टेस किंवा ह्युबर्ट’ असे लिहून थांबणे हाच अभ्यासाचा प्रामाणिक मार्ग आहे.

सहावी पायरी: पायाखाली आणि मागे काय आहे

कॅथरीनच्या पायाखाली दाढीवाला, मुकुट घातलेला पुरुष चिरडलेला दिसतो. तो तिला शिक्षा देणारा सम्राट असतो. त्याच्या पन्नास विद्वानांना तिने वादात हरवल्याची कथा आहे. राजमुकुट जमिनीवर पडलेला असेल, तर संताने राज्य किंवा ऐश्वर्य नाकारलेले असते. मनोरा नेहमी हातात मावेल एवढाच असतो असे नाही. बार्बराच्या मागे तो खऱ्या इमारतीसारखा उभा असू शकतो, आणि तेव्हा त्याच्या खिडक्या मोजाव्यात. वडिलांनी कोंडून ठेवलेल्या मनोऱ्यात त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या) सन्मानार्थ तिने तिसरी खिडकी करवून घेतली, असे कथा सांगते.

या सर्व कथा त्या काळच्या प्रेक्षकांना एकाच संग्रहातून बहुतांशी माहीत होत्या: जेनोआचा आर्चबिशप याकोबुस दे व्होराजिने याने तेराव्या शतकात संकलित केलेली ‘सुवर्ण आख्यायिका’. संताचे नाव सुचले, की या संग्रहातील त्याची कथा वाचावी आणि चित्रातील किती तपशील तिच्याशी जुळतात हे पाहावे. ही पडताळणी वगळली, तर बाकीच्या पायऱ्यांचे श्रम वाया जातात.

सातवी पायरी: हे चित्र कोणत्या संकटासाठी होते?

संत ओळखला म्हणजे वाचन संपले, असे अनेकांना वाटते. माझ्या मते खरे वाचन इथून सुरू होते, कारण ही चित्रे विकत घेणारा माणूस त्यांच्याकडे काहीतरी मागत असे.

मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात असलेले संत ख्रिस्तोफरचे काष्ठमुद्राचित्र याचा उत्तम नमुना आहे. ते दक्षिण जर्मनीतील बुक्सहाइम मठाच्या एका हस्तलिखिताच्या आवरणाला आतून चिकटवलेले होते, आणि त्याखाली १४२३ हे वर्ष आहे. धिप्पाड ख्रिस्तोफर नदी ओलांडतो आहे, खांद्यावर क्रूसयुक्त गोल धरलेले ख्रिस्तबालक आहे, आणि त्याच्या हातातील काठीला पालवी फुटली आहे. कथेत ही पालवी नंतर, दुसऱ्या दिवशी फुटते. चित्र दोन प्रसंग एकत्र दाखवते, आणि मध्ययुगीन चित्रांत हे नित्याचे आहे. काठावर कंदील घेतलेला एकांतवासी उभा आहे. दुसऱ्या काठावर पाणचक्की आहे आणि तिथे धान्याची ने-आण चालली आहे. खाली दोन लॅटिन ओळी आहेत, त्यांचा आशय असा: ज्या दिवशी तू ख्रिस्तोफरचा चेहरा पाहशील, त्या दिवशी तुला वाईट मरण येणार नाही. वाईट मरण म्हणजे पापकबुली आणि शेवटचे संस्कार न मिळता अचानक आलेले मरण. ही ओळ वाचली की चेहरा स्पष्ट दिसेल असा का कोरला, हे समजते. चित्राचे फळ त्याच्या दर्शनात होते.

याच भीतीने बार्बराचा प्यालाही उजळतो. तिच्या भक्ताला ख्रिस्तप्रसाद मिळाल्याशिवाय मृत्यू येत नाही, अशी श्रद्धा होती. तिचा शिरच्छेद करणाऱ्या पित्यावर वीज कोसळली, म्हणून वीज, स्फोट आणि आकस्मिक मृत्यू यांपासून रक्षण करणारी ती खाणकामगारांची आणि तोफखान्याची संत झाली.

सेबास्टियनचे बाण प्लेगचे होते. ९१ व्या स्तोत्रात दिवसा सुटणारा बाण आणि काळोखात फिरणारी मरी यांचा उल्लेख लागोपाठ येतो, आणि १३४७ पासून युरोपात पुनःपुन्हा येणाऱ्या महामारीत बाण झेलून जिवंत राहिलेल्या संताकडे लोक वळले. मांडीवरची गाठ दाखवणारा, भाकरी आणणाऱ्या कुत्र्यासह उभा असलेला यात्रेकरू रॉक हा त्याचा सोबती.

आता डुकराचा प्रश्न सोडवू. तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या अँथनीचा डुकराशी तसा संबंध नव्हता. अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये त्याच्या नावाने रुग्णसेवा करणारा संघ स्थापन झाला. राय धान्यावरील बुरशीमुळे अवयव जळल्यासारखे होऊन झडणारा रोग ‘संत अँथनीचा अग्नी’ म्हणून ओळखला जाई, आणि हा संघ त्याच रुग्णांची सेवा करी. संघाच्या डुकरांना गळ्यात घंटा बांधून गावात मोकळे चरू देत. टी आकाराचा दंड, घंटा आणि डुक्कर अशा प्रकारे संघाकडून संताकडे आले. शोनगाउअरच्या कोलमारजवळच इझेनहाइम येथे या संघाचा मठ होता. राक्षसांनी हवेत उचललेल्या अँथनीचे त्याचे प्रसिद्ध ताम्रपटचित्र पाहताना ही पार्श्वभूमी माहीत असावी, कारण त्या परिसरात अँथनीच्या यातना आणि रुग्णांच्या यातना एकत्रच आठवल्या जात.

ख्रिस्तोफर, बार्बरा, कॅथरीन, मार्गारेट, जॉर्ज आणि युस्टेस ही नावे ‘चौदा साहाय्यक संत’ या गटातही येतात. १४४५–४६ मध्ये फ्रँकोनियातील एका मेंढपाळाला त्यांचे दर्शन घडल्याची कथा पसरल्यावर या गटाची भक्ती आणखी वाढली. एका कागदावर दाटीने उभे असलेले चौदा संत दिसले, तर आधी हा गट तपासावा.

अर्थ कुठे शोधू नये

चित्रातील प्रत्येक वस्तू चिन्ह असते, ही समजूत सोडावी. ड्यूररच्या १५१४ च्या ‘अभ्यासिकेतील जेरोम’ या चित्रात कवटी आणि वाळूचे घड्याळ मृत्यूची व काळाची आठवण देतात, सिंह आणि टोपी जेरोमची ओळख पटवतात. पण उशा, चपला आणि खिडकीतून येणारा उजेड यांना एकेक गूढ अर्थ चिकटवणे म्हणजे कारागिराने मन लावून कोरलेली शांत खोली हातची घालवणे आहे. अर्थ सांगणाऱ्याने कथा, धर्मग्रंथ, प्रार्थना किंवा त्याच काळातील दुसरे चित्र यांपैकी एखादा आधार दाखवावा; तो नसेल तर अर्थ कितीही सुंदर असला, तरी नोंदीत लिहू नये.

याच्या उलट, कधीकधी चित्रात एकही खूण नसते. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट धर्मगुरू अकबराच्या दरबारी गेले, आणि युरोपीय मुद्राचित्रे मुघल चित्रकारांच्या हाती पोहोचली. १६०० च्या सुमारास अबुल हसन या तेरा वर्षांच्या चित्रकाराने हात गुंफून शोक करणाऱ्या योहानाचे चित्र काढले. ते ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. त्यात ना गरुड, ना प्याला, ना क्रूस. तो योहान आहे हे कळते ते ड्यूररच्या १५११ च्या क्रूसारोहणाच्या ताम्रपटचित्रात हीच आकृती क्रूसाखाली उभी असल्यामुळे. खुणा नसतील तर मूळ चित्र शोधावे लागते.

सरावाचा क्रम

प्रथम शोनगाउअरची बारा प्रेषितांची मालिका घ्यावी, कारण त्यात प्रत्येक आकृती एकटी उभी असते. त्यानंतर कॅथरीन, बार्बरा आणि मार्गारेट यांची वेगवेगळ्या कारागिरांनी केलेली चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. गोव्यात असाल तर जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलची मुख्य वेदी जरूर पाहावी. आफोन्सो द आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, गोवा जिंकल्यामुळे ते चर्च तिला समर्पित आहे आणि वेदीवरील फलकांत तिच्या जीवनातील प्रसंग कोरले आहेत. वेदी ताम्रपटांपेक्षा पुष्कळ नंतरची असली, तरी कथा तीच आहे.

प्रत्येक चित्रासाठी नोंद करताना पोशाख, हातातील वस्तू, पायाखालची आकृती, मजकूर आणि जुळणारी कथा हे पाच रकाने ठेवावेत, आणि शेवटी नावापुढे ‘निश्चित’, ‘संभाव्य’ किंवा ‘अनिर्णित’ असे लिहावे. संग्रहालयाने दिलेले नाव नोंद पूर्ण झाल्यावरच उघडून पाहावे, आणि ते वेगळे असेल तर कोणत्या रकान्यात फरक पडला ते त्याच पानावर टिपून ठेवावे.